उजवीकडचा उजेड

मी थांबलो तो पाटी वाचायला नव्हे. 'सौभाग्य भांडी भांडार' ही काही रस्त्यात थांबून वाचायची गोष्ट नाही. थांबलो, कारण पाटीवरच्या अक्षरांची सावली उलटी पडली होती. पिवळ्या जमिनीवर तांबडी ठसठशीत अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराला काळी सावली, पण ती डावीकडे. साऱ्या मुंबईत पाट्यांवरच्या अक्षरांची सावली उजवीकडे आणि खाली पडते. पाट्या रंगवणाऱ्यांच्या जगात सूर्य कायमचा डाव्या खांद्यावर बसलेला असतो. तो मावळत नाही की सरकत नाही. इथं मात्र 'सौ'च्या काना-मात्रेपासून 'भांडार'च्या शेवटच्या 'र'पर्यंत सगळ्या सावल्या रांगेनं डावीकडे कलल्या होत्या. शाळा सुटली होती, ठाकूरद्वारच्या नाक्यावर गर्दी होती, आणि मला प्रेसकडे जायचं होतं. कॅलेंडरं छापणाऱ्या त्या प्रेसच्या मालकांना आज संध्याकाळी 'हो' सांगायचं, उद्या शाळेत राजीनामा द्यायचा आणि पहिल्या तारखेपासून लक्ष्मी, गणपती, बाळकृष्ण रंगवायला बसायचं, असं घरी ठरलं होतं. सकाळी डबा हातात देताना वेणू म्हणाली होती, "तुम्हाला हवं ते करा, पण एकदाचं करा. रोज रात्री तेच तेच ऐकून माझे कान किटले."

"काय बघता, मास्तर?" गल्ल्यावरून शेठ म्हणाले. मास्तर हे माझ्या धोतरावरून कोणीही ओळखतं. खडूची पांढरी बोटं त्याला पुसलेलीच असतात. "उलटा हाय ने? मी पण तेच बोलतो. समोरच्या घडियाळवाल्याचा बघा, बाजूच्या छत्रीवाल्याचा बघा. बधाचा एक बाजूला, आमचाच दुसऱ्या बाजूला. गिऱ्हाईक हसते. पेंटरला बोलावला हाय, येतो आता, सुधारून देणार." मी विचारलं, पेंटर कुठला? शेठ एका परातीवर फडकं फिरवत म्हणाले, "कोळी हाय. अलिबागच्या बाजूचा. थळ की काय बोलला." मग त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं. मला बसायला वेळ नव्हता, तरी मी बसलो.

आता हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायला हवं की डावीकडे सावली टाकणारी माणसं जगात एकाच ठिकाणी तयार झाली, आणि ती मी तयार केली. थळच्या शाळेत चित्रकलेची खोली म्हणजे मूळचं गोदाम होतं. पश्चिमेला एकच मोठी खिडकी, तिच्यापलीकडे सुरूची झाडं आणि समुद्र. फळा म्हणजे दक्षिणेची भिंतच. तिला काजळी आणि सरस फासून काळी केलेली. भिंत फिरवता येत नाही, म्हणून मुलं दक्षिणेकडे तोंड करून बसत आणि समुद्र त्यांच्या उजव्या हाताला येई. त्यात चित्रकलेचे तास शेवटचे, म्हणजे दुपार कलल्यावर. गणित, इंग्रजी या थोरल्या जावा. चित्रकलेच्या वाट्याला दिवसाचं उरलंसुरलं यायचं. ते उरलंसुरलं म्हणजे काय होतं, हे गणिताच्या मास्तरांना कधी कळलं नाही. खिडकीतून येणारा तो तिरपा, मधासारखा उजेड मडक्याच्या उजव्या गालावर बसे आणि सावली डावीकडे लांबच लांब पसरे. मी मुलांना सांगे, पुस्तकात काय आहे ते विसरा, समोर काय दिसतंय ते काढा. मुलं काढत. एकदा इन्स्पेक्टर आले. वह्या बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "राऊत, उजेड डाव्या खांद्यावरून यायला हवा, एवढंही तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही?" मी म्हटलं, "साहेब, शिकवलं होतं. पण समुद्र उजवीकडे आहे." त्यांनी शेरा काय लिहिला ते मी वाचायला गेलो नाही. हेडमास्तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, त्याचा मला आरामच वाटला.

मी थळला रुजू झालो ते सत्तेचाळीस सालच्या पावसाळ्यात. नागावला आमची नारळी-पोफळीची वाडी. थोरला मुलगा मुंबईला जाऊन ड्रॉइंग शिकून आला याचं वडिलांना इतकं वाईट वाटलं होतं, की पाहुणे आले की ते सांगत, "हरी सर्व्हेचं काम शिकून आला." थळच्या शाळेत माझं पहिलं कलाकर्म म्हणजे झेंड्यावरचं चक्र. खादीवर निळ्या रंगात काढता काढता आऱ्या एकीनं जास्त झाल्या. हेडमास्तरांच्या लक्षात आलं नाही आणि मी सांगितलं नाही. देश नवा होता, मी नवा होतो, सगळंच थोडं जास्त होतं. रंगांची डबी शाळेत एक, तीही माझी. मग आम्ही गेरू खलला, धुण्याची नीळ घेतली, हळद घेतली, चुलीवरची काजळी घेतली. केवड्याच्या मुळ्या ठेचून कुंचले केले. विहिरीचं पाणी मचूळ. त्या पाण्यानं निळीचा हात दिला की वाळताना कागदावर मिठाचे बारीक कण उमटत आणि आभाळ खरखरीत दिसे. शहरातल्या चित्रकारांना असं आभाळ कधी मिळालं नसेल. एकदा वस्तुचित्रासाठी मी टेबलावर पापलेट ठेवलं. पहिल्या तासाला वर्ग भारावून गेला, दुसऱ्या तासाला शेजारचा वर्ग नाकाला रुमाल लावून बसला, आणि ज्या घरून ते पापलेट आलं होतं तिथली आजी दारात उभी राहून म्हणाली, "खायचं म्हावरं बगत बसला? तुमच्या घरात चूल न्हाय काय?" वर्ग एवढा हसला की मलाही हसू आवरेना.

आणि कमळ. शेठनी चहा मागवला होता. तो मी हातात धरून बसलो होतो आणि मनात एकच होतं, की आता ती यावी. शिडी घेऊन, साडीचा काष्टा मारून, हातात कुंचला घेऊन, आणि का नाही? बाई माणूस पाट्या रंगवत नाही हे मला कळत होतं, तरी रस्त्याच्या वळणावर माझे डोळे तिलाच शोधत होते. शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत माझ्या हाताखालून खरी चित्रकार गेली असेल तर ती एक. पाचवीत होती. समोर घागर ठेवली होती, आणि सगळ्यांनी घागर काढली. कमळच्या कागदावर घागर होती, तिची सावली होती, आणि त्या सावलीवर आडवी आलेली आणखी एक काळी आकृती, पाच फांद्यांची. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "हात." "कोणाचा हात?" "माजाच. कागदावर पडलाय ना तो." उजेड उजवीकडून, म्हणजे काढणाऱ्या हाताची सावली काढलेल्या चित्रावर पडायची. वर्षानुवर्षं साऱ्या वर्गाच्या हाताची सावली कागदावर पडत होती. माझ्याही पडत होती. आम्ही सगळे ती सावली जणू नाहीच असं धरून चाललो होतो. या पोरीला ती दिसली आणि तिनं ती काढली. मी तो कागद हातात घेऊन खिडकीपाशी गेलो आणि उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघितला. वर्गात गलका झाला होता, कोणीतरी कोणाच्या पाठीवर नीळ फासली होती. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी चित्रकार झालो नाही तरी चालेल.

पुढच्याच आठवड्यात तिची आई सोनूबाई शाळेत आली, टोपली डोक्यावरून न उतरवताच. "मास्तर, माजा घरवाला दर्यात हाय, चार दिस झाले होरी आली न्हाय, आनि हिनं घरात भितीवर काला हात काढून ठेवलाय. सासू जेवत न्हाय. काय शिकवता तुमी पोरांना?" मी तिच्याबरोबर कोळीवाड्यात गेलो. नुकत्याच सारवलेल्या, चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंतीवर कोळशानं काढलेला तो हात खरोखरच अंगावर येत होता. खाटेवर म्हातारी भिंतीकडे पाठ करून बसली होती. चुना देऊन तो पुसून टाका, असं सगळ्यांचं म्हणणं. कमळ कोपऱ्यात उभी. मला त्या क्षणी कुठून सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "पुसू नका. काळा नको ना? तांबडा करू." सोनूबाईनं कुंकवाचा करंडा आणला. कमळनं तेलात कुंकू कालवून तो हात भरला, बोटाबोटांनी, कडेच्या बाहेर जराही न जाता. म्हातारीनं मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "आता लक्षुमीचा झाला." होरी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. यात माझं कर्तृत्व काही नव्हतं, वाराच पडला होता. पण त्यानंतर कोळीवाड्यातून माझ्या घरी सुकी मासळी न मागता येऊ लागली, आणि माहेरची माणसं आली की ती कुठं लपवावी हा प्रश्न वेणूला पडू लागला.

असं असताना मी थळ का सोडलं? छप्पन साली मला वाटू लागलं की मी चित्रकार व्हायला हवं. सुट्टीच्या दिवशी मी किनाऱ्यावर बसून खांदेरी-उंदेरी रंगवत असे. ती चित्रं घेऊन मी रेवसच्या धक्क्यावरून लाँचनं मुंबईला आलो, गिरगावात शाळा मिळवली, आणि प्रदर्शनांना चित्रं पाठवू लागलो. ती परत येत. एकदा एका परीक्षकानं सौम्यपणे सांगितलं, "तुमचा समुद्र चांगला आहे, पण तो कोणाला तरी समजावून सांगितल्यासारखा वाटतो." मी त्यावर महिनाभर जळफळत होतो आणि मग मला कळलं की तो बरोबर बोलला होता. थळला मी एकट्यानं कधी चित्र काढलंच नव्हतं. बाजूला कोणीतरी वाकून बघत असे, आणि 'मास्तर, इथं हिरवा कशाला?' असं विचारत असे, आणि त्याला उत्तर देता देता मला चित्र सापडत असे. मुंबईच्या खोलीत कोणी विचारत नव्हतं. कुंचला हातात धरून बसलं की हात गप्प बसे. गिरगावची मुलं हुशार. ती फुलदाणी इतकी हुबेहूब काढत की तिच्यात फुलं ठेवायचं मन होऊ नये. उजेड डावीकडून. वर्षामागून वर्षं गेली. मी हिशेब केला तेव्हा हातात काही उरलं नव्हतं: मी चित्रकार झालो नव्हतो, आणि माझ्या हाताखालून एकही चित्रकार झाला नव्हता. शिकवणं म्हणजे ओहोटीच्या वाळूत रेघा मारणं, असं मी रोज रात्री वेणूला सांगू लागलो. मग हे कॅलेंडरवाले आले. त्यांना माझी लक्ष्मी आवडली. लक्ष्मी तरी भिंतीवर वर्षभर टिकते, अशी मी माझी समजूत घातली. आणि आज ही पाटी. सोळा वर्षांची माझी शिकवण कुठं जर जगात उरली असेल, तर ती ही: एक चूक. भांड्यांच्या दुकानावर, साऱ्या रस्त्याच्या उलटी. गिऱ्हाइकांना हसू येत होतं आणि मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या शरमेनं घाम फुटला होता. तरी उठवत नव्हतं. कमळ येईल. कमळ नाही तर कमळचा एखादा भाऊ. कोण येतं ते बघून जाऊ, मग प्रेसमध्ये जाऊन 'हो' म्हणू, आणि हा विषय कायमचा मिटवू.

आला तो मला ओळखताच येईना. पंचविशीतला, काळासावळा, खांद्यावर शिडी, हातात रंगाचे डबे. शिडी भिंतीला लावली, वळला, मला बघितलं, आणि डबे खाली ठेवून भर रस्त्यात माझ्या पाया पडला. "मास्तर! तुमी हिकरं?" मी त्याच्या चेहऱ्यात माझा वर्ग धुंडाळत होतो. खिडकीजवळचे, फळ्याजवळचे, निळीची मारामारी करणारे, सगळे आठवले. हा कुठंच नव्हता. त्याला ते कळलं असावं. तो हसून म्हणाला, "मी चंदर. धर्माजीचा. तुमाला कुठून आठवनार? मी मागं, दाराशी बसायचो. एकदा तुमी माजा हात धरून मडक्याची सावली काढून घेतली व्हती." मी मान हलवली. मला आठवत नव्हतं. मी विचारलं ते भलतंच विचारलं. "कमळ कुठं असते?" "कमल? तिला आगरदांड्याला दिली. चार पोरं हाईत. बोंबील सुकवते, मोठा धंदा हाय तिचा." "चित्रं काढते?" चंदरला प्रश्नाचं नवल वाटलं. "न्हाय ओ. तिला कुठला टाइम?" मी चहाचा रिकामा पेला शेठच्या गल्ल्यावर ठेवला.

शेठ मधे पडले. "ओळखीचे निघाले, सारू झाला. पण आधी हा उलटा सरळ कर, भाई." चंदर डब्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटू लागला. मला वाटलं, आता आपलं कर्तव्य आहे. मास्तरानं केलेली चूक मास्तरानंच निस्तरावी. मी त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हटलं, "चंदर, हे बघ, आपल्या खोलीत खिडकी उजवीकडे होती, म्हणून सावली डावीकडे. ते तिथलं होतं. बाजारात उजेड डावीकडूनच धरतात. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुला कोणी सांगितलं नाही?" तो एकदम मोठ्यानं हसला, दात दाखवून, थळच्या वाळूत हसतात तसा. "मास्तर, सात वर्सं मी लालबागला उस्तादाच्या हाताखाली हाय. आधी कुंचलं धुतलं, मंग पाट्यांना खालच्या रंगाची जमीन दिली, मंग सावल्याच मारल्या. हजारभर पाट्यांच्या सावल्या मी मारल्यात, समद्या उजवीकडं. मना ठाऊक न्हाय व्हय?"

"मग ही?"

त्यानं शेठकडे पाठ केली आणि आवाज उतरवला. मघाचं हसू गेलं होतं. तो आता लाजला होता, मोठा बाप्या असून. "ही माजी पयली पाटी. उस्तादाची न्हाय, माजी. आमच्या घरात पयल्या जालीचं म्हावरं बाजारात नेत न्हाईत. माजा बा न्हेत नव्हता, आजा न्हेत नव्हता. पयलं देवाला, मंग वाड्यात वाटायचं. दुसऱ्या जालीपासून इकायचं. आता पाटीचं काय देवाला द्यायचं? मी इचार केला, ही कला मना दिली कोनी? मंग ही तुमच्या उजेडात काढली. शेठ वरडनार ते ठाऊक व्हतं. दोन दिस तरी ऱ्हाईल, मंग आपल्या खर्चानं बदलून देऊ. दोन दिस ऱ्हायली, आनि तुमीच आलात बगायला."

माझ्या हातून काही उरलं नाही म्हणत मी रोज रात्री वेणूची झोप मोडत होतो, आणि दाराशी बसणारा एक मुलगा, ज्याचं नावही मला आठवत नव्हतं, सात वर्षं साऱ्या मुंबईची सावली बिनचूक मारत, माझा उजेड जपून ठेवून बसला होता. चूक म्हणून नव्हे. त्याला दोन्ही उजेड येत होते. कोणता कुणाचा, हे त्याला कळत होतं. मला एकदम हलकं वाटलं, इतकं की हसावं की काय करावं समजेना. मी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांद्याला टर्पेंटाइनचा वास होता, आणि त्याखाली, अजून, सुक्या मासळीचा.

"चला, जमीन देऊन घेतो," तो म्हणाला. पिवळ्याचा डबा कमरेला अडकवून तो शिडीवर चढला आणि 'सौ'च्या डावीकडची काळी सावली त्यानं पिवळ्यानं झाकायला घेतली. एक सावली गेली, दुसरी गेली. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाईट वाटत नव्हतं. ती ज्याला द्यायची त्याला पोचली होती. "मास्तर," वरून चंदर म्हणाला, "तुमाला कुठं जायचं असंल. माज्यापायी खोटी नका होऊ, उशीर व्हईल." प्रेसचे मालक एव्हाना घड्याळाकडे बघत असतील. लक्ष्मीच्या हातातून नाणी पडत असतील. मी म्हटलं, "नाही रे. कुठं नाही जायचं. सकाळी शाळा आहे, तेवढीच."

"मंग जरा शिडी धरा. फूटपाथ वाकडा हाय." मी पुढे झालो, हातातली छत्री शेठच्या हंड्यात ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. चंदर एकेक अक्षर पिवळ्यानं मोकळं करत होता. रस्त्यावरचे लोक जाता जाता वर बघत होते, शेठ खाली उभे राहून 'हां, बराबर, बराबर' म्हणत होते, आणि मी सोळा वर्षं मुलांना शिकवणारा माणूस, भर बाजारात शिडी धरून उभा, डोळ्यांतून येणारं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसाच वर बघत होतो.